मन कुठे ठेवायचं? ताकुआनचं एक पत्र इंग्रजीत आणताना

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या दोजोत, म्हणजे तलवारीच्या वर्गात, कागामिबिराकी असते. नव्या वर्षासाठी देवापुढे मांडलेले तांदळाच्या मोचीचे गोळे फोडून आझुकी या लाल कडधान्याच्या गोड कढणातून सगळ्यांनी मिळून खायचे, अशी पद्धत. २०२२ साली कोरोनामुळे एकत्र बसून खाणं बंद होतं. सेनसेईंनी, म्हणजे आमच्या गुरुजींनी, प्रत्येकाच्या हातात कढणाचं एकेक पाकीट ठेवलं आणि माझ्यापाशी आल्यावर विचारलं, "तुम्ही भाषांतराचंच काम करता ना? मग हे इंग्रजीत करून द्याल का? घाई नाही." 'हे' म्हणजे त्यांच्या हातातला, ताकुआन या जपानी भिक्षूच्या जुन्या पत्राच्या झेरॉक्सचा गठ्ठा. दर सरावानंतर ते त्यातल्या चार ओळी वाचून दाखवायचे.

काम संपायला जवळजवळ तीन वर्षं लागली. असं काही हाती घेतलेल्या दोघांनी मला गेल्या महिन्यात विचारलं की सुरुवात कुठून करायची. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी मूळची पुण्याची. जपानी पुण्यातच शिकले आणि गेली अकरा वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहते. नोकरी यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणण्याची. २०१७पासून वॉर्डाच्या क्रीडा केंद्रात इआइदो शिकते. तलवार म्यानातून काढणं, वार करणं आणि ती परत म्यानात ठेवणं, एवढंच आम्ही वर्षानुवर्षं करत असतो. वर्गात तेव्हा सात परदेशी होते. सेनसेई वाचायचे त्यातलं त्यांना काहीच कळत नसे, आणि खरं सांगायचं तर मलाही निम्मंच कळत असे.

गठ्ठा होता 'फुदोची शिनम्योरोकु'चा. झेन भिक्षू ताकुआन सोहो यांनी याग्यू मुनेनोरी यांना पत्रासारखं लिहिलेलं हे लिखाण, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. मुनेनोरी हे तिसरे तोकुगावा शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी शासक, इएमित्सु यांचे तलवारीचे गुरू. ताकुआननी आयुष्यात तलवार चालवली नाही. वरिष्ठ भिक्षूंना जांभळी वस्त्रं देण्याच्या सम्राटाच्या अधिकारावरून शोगुनशाहीशी वाद झाला तेव्हा १६२९ साली त्यांना उत्तरेत देवा प्रांतात हद्दपार केलं होतं, १६३२ साली माफी मिळाली. असा माणूस देशातल्या पहिल्या तलवारबाजाला सांगतो की तुझं मन तलवारीवर थांबलं की तू मेलास. मला पहिल्यापासून याच गोष्टीची ओढ होती.

याची इंग्रजी भाषांतरं आधी झालेली आहेत. सेनसेईंना मूळ पाठासकट, अंकवार परिच्छेद असलेली, हातात तलवार धरणाऱ्यांना सरावाच्या पिशवीत ठेवता येईल अशी पुस्तिका हवी होती. जुनी भाषांतरं मी मुद्दाम पहिला खर्डा संपेपर्यंत उघडली नाहीत. तुम्हीही उघडू नका. दुसऱ्याचा शब्द एकदा डोक्यात बसला की स्वतःचा शोधायचं राहून जातं.

पहिली अडचण भाषेची. माझ्याकडे जपानीच्या सर्वांत वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र आहे, पण त्या परीक्षेत जुन्या भाषेचा एक प्रश्नही येत नाही. हे लिखाण सोरोबुनमध्ये आहे, म्हणजे वाक्यामागून वाक्य 'सोरो' या नम्र क्रियापदावर येऊन टेकतं. मराठी वाचकाला हे सांगायला फार कष्ट नकोत. पेशवेकालीन पत्रं डोळ्यांपुढे आणा. 'विनंती विशेष', 'कळावे', 'ऐसीजे'. आशय साधा, पण प्रत्येक वाक्य अदबीच्या चौकटीत बसवलेलं. हस्तलिखितांची लिपी कुझुशिजी, तिचं आजच्या जपानीशी नातं आपल्या मोडीचं देवनागरीशी आहे तसंच. अक्षर तेच, पण हात न उचलता लिहिलेलं, आणि आजचा शिकलेला जपानी माणूसही ते सहसा वाचू शकत नाही.

मी जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीतून शाळकरी मुलांची जुन्या भाषेच्या व्याकरणाची पुस्तिका घेतली, ३०० येनला. विद्वानांच्या जाड ग्रंथांपेक्षा ही पातळ पुस्तिका दसपट उपयोगी पडली, कारण तिच्यात क्रियापदांचे तक्ते आहेत आणि बाकी काही नाही. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी अर्धा तास, असे सहा महिने. कुझुशिजीसाठी 'मिवो' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, २०२१ साली आलेलं. पानाचा फोटो काढला की अक्षरांवर आजची अक्षरं उमटतात. ते चुकतं, पण कुठे अडलोय ते निदान समजतं.

दुसरी अडचण हक्कांची. माझी समजूत होती की लेखक पावणेचारशे वर्षांपूर्वी वारला, मग कुणाला काय विचारायचं? मूळ मजकुराला हक्क नाही हे खरंच. पण आजच्या संपादकाने लावलेल्या टीपा आणि आधुनिक जपानीतलं रूपांतर यांवर त्यांचा हक्क असतो, आणि २०१८च्या अखेरीपासून जपानमध्ये तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. सेनसेईंचा झेरॉक्स अशाच एका टीपांसहित आवृत्तीचा होता. मी एप्रिल २०२२ मध्ये त्या प्रकाशकाला पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी चार ओळींचा नकार आला. मन खट्टू झालं, पण त्या नकारानेच मला नॅशनल डाएट लायब्ररीत, म्हणजे जपानच्या संसदेच्या ग्रंथालयात नेलं.

तिचा रस्ता सोपा आहे. निशी-कासाईहून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथून हानझोमोन लाइनने नागाताचो. रेसिडेन्स कार्ड दाखवलं की त्याच दिवशी वाचकाचं कार्ड मिळतं. मोठी बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते, १०० येनचं नाणं लागतं आणि नंतर परत मिळतं. कागद आणि लॅपटॉप न्यायला तिथली पारदर्शक पिशवी घ्यायची. पहिल्या दिवशी माझ्याकडे सुटं नाणं नव्हतं, तेवढं घेऊन जा.

माझ्या नशिबाने त्याच वर्षी मे महिन्यात लायब्ररीने नवी सोय सुरू केली होती. जपानमध्ये राहणारा नोंदणीकृत वाचक बाजारात न मिळणारी डिजिटल पुस्तकं घरबसल्या वाचू शकतो. छापून घ्यायची परवानगी मात्र जानेवारी २०२३ मध्ये आली, तोवर मी पडद्यावर बघून वहीत हाताने उतरवत होते. शोवा काळाच्या (१९२६पासूनच्या) सुरुवातीला छापलेला, कुणाचाही हक्क नसलेला पाठ मला तिथे मिळाला. तो मी संपूर्ण हाताने लिहून काढला. त्यात दोन महिने गेले, पण लिहिताना वाक्य कुठे श्वास घेतं ते बोटांना कळलं. हा वेळ वाचवायच्या नादात कुणी पडू नये.

पहिला इंग्रजी खर्डा मी ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२२ या चार महिन्यांत केला. रोजच्या नोकरीत करते तसा, जपानीतून थेट इंग्रजीत. डिसेंबरात त्याची आठ पानं वर्गातल्या परदेशी मंडळींना वाचायला दिली.

पुढच्या शनिवारी सराव संपल्यावर कॅनडाहून आलेला एक जण पानं घेऊन माझ्याशेजारी बसला. त्याने अगदी मनापासून विचारलं, "यात म्हटलंय की मन थांबू देऊ नका. पण ध्यानात तर मन थांबवायचंच असतं ना? हे भिक्षू उलटं का सांगतायत? मी आठवडाभर तलवार काढताना सतत काहीतरी विचार करत राहतोय."

मी घरी येऊन ती आठ पानं टेबलावर ठेवली आणि दोन आठवडे त्यांना हात लावला नाही. त्याने नीटच वाचलं होतं. चूक माझ्या शब्दात होती.

शब्द 'तोमारु'. थांबणं. सगळं पत्र या एका क्रियापदावर उभं आहे. ताकुआन सुरुवातीलाच लिहितात की समोरून येणारी तलवार एकदा दिसली आणि तिथेच तिला भिडावं असं वाटलं, तर मन त्या तलवारीवर थांबतं, तुमच्या हातची क्रिया सुटते आणि तुम्ही कापले जाता. यालाच थांबणं म्हणतात. मी तिथे 'स्टॉप' लिहिलं होतं. कोशात तोच अर्थ आहे. पण इंग्रजीत 'माइंड स्टॉप्स' म्हटलं की वाचकाला मन शांत झाल्याचं, विचार बंद पडल्याचं चित्र दिसतं. हल्ली तर त्याला ते हवंच असतं. म्हणजे ताकुआन ज्याला रोग म्हणतात तेच वाचकाला औषध वाटत होतं.

मी 'लिंगर' लावून पाहिलं. त्यात रेंगाळणं आलं, पण तलवारीखाली कुणी रेंगाळत नाही. 'अटॅच' लावलं तर सगळं पत्र बौद्ध प्रवचन झालं, आणि ताकुआन मुद्दाम साधा, रोजच्या वापरातला शब्द घेत होते. 'फिक्स', 'डिटेन', 'कॅच'. वहीचं एक पान भरलं.

त्याच सुमाराला रविवारी आईशी फोनवर बोलत होते. ती म्हणाली, "आवाज का असा गं तुझा?" मी तिला तो परिच्छेद सांगितला, अर्थातच मराठीत. तोंडातून आपसूक गेलं, "समोरच्या तलवारीत मन अडकलं की संपलं." ती लगेच म्हणाली, "हां, म्हणजे मन अडकू द्यायचं नाही, पण बंदही पाडायचं नाही. वाहतं ठेवायचं." इतके दिवस मी जे इंग्रजीत शोधत होते ते तिला एका वाक्यात कळलं.

फोन ठेवला आणि नवी वही काढली. जानेवारी २०२३ पासून संपूर्ण पत्र आधी मराठीत लिहायचं ठरवलं, आणि मग मराठीसमोर बसून इंग्रजीत. नोकरीतल्या सहकाऱ्यांना हे वेळ दवडणं वाटलं. माझ्यासाठी सगळ्या कामात सगळ्यात मोलाचा निर्णय तोच.

कारणं पानापानावर भेटत गेली. 'कोकोरो' हा शब्द घ्या. इंग्रजीत दर वेळी ठरवावं लागतं की 'माइंड' की 'हार्ट'. मराठीत 'मन' म्हटलं की दोन्ही आलं, वाद मिटला. मराठी खर्डा समोर ठेवल्यावर इंग्रजीत 'माइंड' कुठे चालतं आणि कुठे तुटतं ते स्वच्छ दिसायला लागलं. 'अडकणं'चंही तसंच. मराठीत मन नुसतं अडकत नाही, कशात तरी अडकतं. त्यावरून मला इंग्रजीचा मार्ग सापडला. 'स्टॉप' ठेवायचं, पण कधीही एकटं सोडायचं नाही. दर वेळी जागा सांगायची, 'स्टॉप अ‍ॅट द सोर्ड', 'स्टॉप अ‍ॅट द हँड'. आणि मुळात जिथे जिथे 'तोमारु', तिथे तिथे इंग्रजीत तोच शब्द. सुंदर दिसावं म्हणून बदलायचा नाही. पहिल्या जागी चार ओळींची टीप.

एक परिच्छेद तर पूर्णच असा सुटला. ताकुआन म्हणतात की एका झाडाकडे पाहताना त्यातलं एकच लाल पान बघत राहिलात तर बाकीची पानं दिसत नाहीत. एका पानावर मन न ठेवता झाडासमोर नुसते उभे राहिलात तर सगळी पानं दिसतात. त्याच्या लगेच आधी सहस्रभुज कान्नोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. हजार हातांपैकी धनुष्य धरणाऱ्या हातात मन अडकलं तर उरलेले ९९९ हात निकामी. आदल्या नोव्हेंबरात आमच्या इमारतीखालचं मोमिजीचं, म्हणजे जपानी मेपलचं, झाड लाल होतं. मी वही घेऊन खाली जाऊन बसायचे. एक पान निवडून त्याच्याकडे बघायचं, मग नजर सैल करायची. हे काम खुर्चीत बसून झालं नसतं.

आणखी एक जागा शेतातल्या बुजगावण्याची. डोंगरातल्या शेतात उभं केलेलं बुजगावणं राखण करतं, पण आपण राखण करतोय असं मन त्याला नाही, तरी ते फुकट उभं नाही, अशा अर्थाची एक जुनी कविता ताकुआन देतात. मराठी खर्ड्यात हे चार मिनिटांत झालं. इंग्रजीत 'स्केअरक्रो' म्हणताच त्याचा पेंढ्याचा वास जातो आणि मुलांच्या गोष्टीतलं पात्र उभं राहतं. त्या परिच्छेदाला तीन आठवडे लागले आणि अजूनही तो मनासारखा नाही.

फेब्रुवारीत 'ओ-मु-शो-जू-नि-शो-गो-शिन' या आठ अक्षरांपाशी आले. हे वज्रच्छेदिका या बौद्ध सूत्रातलं वाक्य, कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या चिनी भाषांतरातून आलेलं. शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होतं, तेवढ्या भांडवलावर मूळ शोधलं. 'अप्रतिष्ठितं चित्तम् उत्पादयितव्यम्'. कुठेही न टेकलेलं चित्त उत्पन्न करावं. वहीत मी लिहिलं, 'कुठेही मुक्काम न करता मन उपजू द्यावं'. मुक्काम हा शब्द सापडला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि मला कुणाला तरी उठवून सांगावंसं वाटत होतं. 'जू' म्हणजे राहणं, वस्ती करणं. इंग्रजीत त्याला 'अबाइड' दिलं, आणि 'तोमारु'पासून वेगळं ठेवलं. जिथे मुळात दोन शब्द आहेत तिथे भाषांतरातही दोनच हवेत.

शीर्षकाने सर्वांत जास्त दमवलं. 'फुदो' म्हणजे अचल, 'ची' म्हणजे प्रज्ञा. फुदो म्योओ हा बौद्ध देव म्हणजे आपला अचल, हातात तलवार आणि पाश घेतलेला, मागे ज्वाळा. तोझाई लाइनवर मोन्झेन-नाकाचोला फुकागावा फुदो-दो हे त्याचं देऊळ आहे, माझ्या ऑफिसच्या वाटेवरच. मार्च २०२३ मध्ये एका संध्याकाळी उतरले. नव्या मंडपाच्या भिंती बाहेरून पूर्ण संस्कृत बीजाक्षरांनी भरलेल्या आहेत, सिद्धम् लिपीतल्या. आत गोमा चालू होता. 'गोमा' म्हणजे आपला होम, शब्द तोच. मोठे ढोल, समिधांची आग छातीएवढी उंच, आणि भिक्षू एका सुरात म्हणत होते, 'नोमाकु सानमान्दा बाझारादान सेन्दा माकारोशादा'. तिसऱ्या आवर्तनाला कान उघडले. नमः समन्तवज्राणां, चण्ड महारोषण. मी हात जोडून उभी राहिले, डोळ्यांत पाणी आलं. आगीचा धूर होताच, पण तेवढंच कारण नव्हतं.

त्या ज्वाळांकडे बघताना ताकुआनचं वाक्य समजलं. ते स्पष्ट लिहितात की अचल म्हणजे दगडासारखं किंवा लाकडासारखं निर्जीव नव्हे. पुढे, डावीकडे, उजवीकडे, दाही दिशांना मन हवं तसं हलतं आणि तरी कुठेही जरासुद्धा थांबत नाही, त्याला फुदोची म्हणायचं. इंग्रजीत 'इमूव्हेबल' लिहिलं तर वाचकाला दगडच दिसतो. 'अनमूव्ह्ड' लिहिलं तर ज्याला कशाचंच काही वाटत नाही असा माणूस. शेवटी शीर्षकात 'फुदोची' तसंच ठेवलं आणि त्याखाली ताकुआनचीच व्याख्या छापली. जो शब्द लेखकाने स्वतः समजावून सांगितलाय त्याचं भाषांतर करायचा हट्ट धरू नये, असं माझं मत झालं.

दुसरा इंग्रजी खर्डा सप्टेंबर २०२३ मध्ये संपला, साधारण नऊ हजार शब्द. कॅनडाच्या त्या सोबत्याला तीच पानं पुन्हा दिली. त्याने वाचली, उठला, आणि काही न बोलता परत तलवार काढायला लागला.

मग एक अवघड प्रसंग आला. पत्राच्या शेवटी ताकुआन मुनेनोरींची सरळ कानउघाडणी करतात. मुलाचं वागणं सुधारायचं तर आधी बापाने स्वतः नीट वागावं. आपल्याला नाचाचा फार शौक आहे, आपल्या नो-नृत्याचा गर्व आहे, सरदारांकडे आग्रहाने जाऊन ते दाखवता, हा निव्वळ रोग आहे असं मला वाटतं. सेनसेई म्हणाले, "हा भाग सरावाशी संबंधित नाही. गाळूया." त्यांना याग्यूंबद्दल फार आदर आहे. मी एवढंच म्हटलं की एवढ्या मोठ्या माणसाला हे सांगणारं कुणीतरी होतं, हेच मला या पत्रात सर्वांत जवळचं वाटतं. त्यांनी दोन आठवडे घेतले. मग एका सरावाआधी म्हणाले, "ठेवा. सगळं ठेवा."

ठेवायचं ठरल्यावर ते लिहायचं कसं, हा प्रश्न. मुळात एकेक शब्द आदराचा आहे आणि आशय चाबकाचा. मराठीत हे जमतं, 'आपण' म्हणून खडसावता येतं, आपल्या घरातली मोठी माणसं व्याह्यांशी असंच बोलतात. इंग्रजीत एकच 'यू'. पहिल्या प्रयत्नात ताकुआन उद्धट वाटले, दुसऱ्यात गुळमुळीत. शेवटी वाक्यं लांब ठेवली, दोषाचं नाव वाक्याच्या अगदी शेवटी आणलं. अदब शब्दात मावत नसेल तर ती क्रमात ठेवता येते.

भाषा तपासायला एका निवृत्त इंग्रजी शिक्षिकेला दिलं. पाच आठवडे, ७२,००० येन. पैसे जास्त वाटले तरी हा खर्च टाळू नका. तिने माझी 'द' आणि 'अ'ची १४० ठिकाणं दुरुस्त केली. मात्र 'स्टॉप अ‍ॅट' तिने नऊ ठिकाणी बदललं होतं, पुनरुक्ती होते म्हणून. मी नऊच्या नऊ परत आणले आणि तिला कारण लिहून कळवलं. अशा शब्दांची यादी संपादकाला आधीच द्यावी, हे तेव्हा सुचलं नाही.

मुखपृष्ठावर हस्तलिखिताचं एक पान हवं होतं. एका संस्थेकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज केला. उद्देश, प्रतींची संख्या, किंमत, आकार, सगळं भरायचं. 'किंमत'च्या चौकटीत मी काही लिहिलं नाही, कारण पुस्तिका फुकट वाटायची होती. तेवढ्यासाठी अर्ज परत आला. शून्य येन असं लिहायला हवं होतं. पुन्हा पाठवला, आणि एकूण अकरा आठवडे गेले तरी उत्तर नाही. शेवटी सेनसेईंनी स्वतः कुंचल्याने तीन अक्षरं लिहून दिली. चित्र हवंच असेल तर भाषांतर सुरू करतानाच अर्ज टाका.

छपाईत एक गोष्ट मला आधी कुणी सांगायला हवी होती. उभ्या ओळींचं जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, इंग्रजी डावीकडून. समोरासमोर पानं लावायची तर एकाला उलटं व्हावं लागतं. मी जपानी आडवं लावून पाहिलं, सेनसेईंनी मान हलवली. मग इंग्रजी पुढून आणि मूळ पाठ मागून सुरू केला, दोन्ही मध्यावर भेटतात, आणि परिच्छेदांना सारखे अंक. तीन छपाईवाल्यांकडून दर मागवले. १५० प्रती, ६४ पानं, ९४,००० येन. निम्मे दोजोने दिले.

खोकी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी आली. खासगी पुस्तिका असली तरी डाएट लायब्ररीला एक प्रत ३० दिवसांत देणं कायद्याने लागतं, ती मी दहाव्या दिवशी पोस्टाने पाठवली. त्याच्या आदल्या रविवारी एक प्रत पिशवीत घालून शिनागावाला गेले. केइक्यू लाइनचं शिन-बाम्बा स्टेशन, तिथून चालत तोकाईजीची स्मशानभूमी. ताकुआनची समाधी म्हणजे एक मोठा गोलसर दगड, वर एक अक्षर नाही. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुळ्याच्या लोणच्यावर ठेवतात तसा. बाजूलाच रेल्वेचे रूळ. मी प्रत दगडापुढे ठेवून पहिला परिच्छेद वाचला, आधी जपानीत, मग मराठीत. इंग्रजी वाचायला घेतलं आणि शिनकानसेन गेली, दोन ओळी ऐकूच आल्या नाहीत.

मराठी वह्या तीन होत्या. आईने त्या मागितल्या होत्या. डिसेंबरात पाठवल्या आणि परवा तिने त्या शिसपेन्सिलीच्या खुणांसह परत धाडल्या. खुणा थोड्याच आहेत. लाल पानाच्या परिच्छेदात मात्र माझं 'अडकतं' खोडून तिने वर लिहिलंय, 'खिळतं'. नजर खिळते तसं मन खिळतं. चार दिवस मी त्या शब्दापाशी आहे. दोजोला आणखी ५० प्रती हव्या आहेत, त्या छपाईला जायच्या आत इंग्रजीतली ती ओळ पुन्हा लिहायला घेतली आहे.